निकालापर्यंत बरं व्हायचं नाही

माझ्या ताईचा उजवा खांदा कापडाच्या दुकानात मोडला. ती अस्तर घ्यायला गेली होती आणि भिंतीला न ठोकता नुसतीच टेकवून ठेवलेली मांडणी ताग्यांसकट तिच्या अंगावर आली. दुकानदार आधी तागे उचलायला धावला, मग ताईला.

ताई कपडे बेतायची. शिवणाऱ्या पुष्कळ असतात, पण मोठ्या टेबलावर हात लांब टाकून एका दमात कात्री चालवणारी मी दुसरी पाहिली नाही. ऑपरेशन झालं, गळ्यात अडकवलेला हात सुटला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज भिंतीवर बोटं चढवत न्यायची आणि जिथे पोचतील तिथे पेन्सिलीनं रेघ ओढायची. दुखेल, पण थांबलात तर खांदा आखडेल, मग कुणाच्या बापाला सुटायचा नाही. ताई रडायची आणि बोटं चढवायची. कमरेपाशी सुरू झालेल्या रेघा खांद्याच्या वर गेल्या. डोक्याच्या उंचीला पोचले की कात्री धरणार, असं ती मला म्हणायची.

मग दुकानदारावर भरपाईचा दावा लावला आणि घरात थोरल्यांचं राज्य सुरू झालं. थोरले म्हणजे भाऊजींचे मोठे भाऊ. शेजाऱ्याविरुद्ध सामाईक भिंतीचा दावा जिंकल्यापासून ते स्वतःला अर्धे वकील समजतात. उरलेलं अर्धं डोकं कशाला वापरतात कोण जाणे. आमच्या वकीलबाईंकडे तेच जायचे, ताईला नेत नसत. एकदा जेवताना त्यांनी विचारलं, भिंतीवर या रेघा कसल्या? ताईनं हौसेनं सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"अगं, कोर्ट नुकसान बघतं," ते म्हणाले. "हात वर गेला की भरपाई खाली आली. निकालापर्यंत बरं व्हायचं नाही. नंतर कर हवा तेवढा व्यायाम."

भाऊजी म्हणाले, दादाला कळतं त्यातलं. सासूबाई म्हणाल्या, एवढी राबलीस, आता घे जरा विसावा. ताईनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो ताटाकडे पाहत होता. दुसऱ्याच दिवशी थोरल्यांनी भिंतीला रंग दिला, दुकानदाराचं माणूस डोकावलं तर नको म्हणून. मी भांडायला गेले, तर थोरल्यांनी अर्धंच दार उघडून मला सांगितलं की माहेरच्यांनी यात पडू नये.

दावा म्हणजे नुसत्या तारखा. दुकानदाराचं लेखी उत्तर यायला वेळ, मग त्याचा वकील आजारी, मग न्यायाधीश रजेवर. तोवर ताईचा हात खाली खाली येत होता. एकदा न्हाणीघरात कडी लावून तिनं बोटं चढवून पाहिली, ती छातीपाशीच अडली. घाबरून तिनं थोरल्यांना सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "असंच राहू दे."

शेवटी साक्षीचा दिवस आला. मी मागच्या बाकावर बसले होते. दुकानदाराचा वकील फार गोड बोलायचा. ताईला बसायला खुर्ची हवी का, पाणी हवं का, सगळं विचारून झाल्यावर त्यानं विचारलं, व्यायामाला जाणं तुम्ही मध्येच बंद केलंत ना? ताई हो म्हणाली. त्यानं विचारलं, का?

थोरले खोकले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. खरं बोलली असती तर सगळा दावाच बनाव ठरला असता, आणि संध्याकाळी जायचं होतं त्याच घरात.

"मला कंटाळा यायचा," ती म्हणाली.

ऐकू आलं नाही म्हणत त्यानं तिला ते पुन्हा, मोठ्यानं सांगायला लावलं. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी थोरल्यांना धरलं. म्हणाल्या, व्यायाम चालू आहे ना, असं मी दर खेपेला विचारत होते, आणि तुम्ही हो म्हणत होतात. थोरले म्हणाले, आता बायकांच्या आळसाचं मी काय सांगू?

पुढच्या तारखेला व्यायामाच्या बाईंनी शपथेवर सांगितलं की बंद केलं नसतं तर हात जवळजवळ पहिल्यासारखा झाला असता. तिथेच सगळं संपलं. ज्याला लागलं त्यानंही आपलं नुकसान वाढू द्यायचं नसतं. टाळता आलं असतं, त्याचे पैसे कोर्ट देत नाही. निकालात चूक दुकानदाराचीच धरली. ऑपरेशनचा खर्च मिळाला, हात गळ्यात होता तेवढ्या काळाची मजुरी मिळाली, आणि कायमच्या अधूपणाबद्दल काही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती आलेलं धुपाटणं ताईला उचलताही येईना.

थोरल्यांना शरम वाटेल असं मला वाटलं होतं. मी मूर्ख. येईल त्याला ते सांगू लागले की आळस नडला, मी म्हणत नाही, कोर्ट म्हणतंय. सासूबाईंनी तेच शेजारी पोचवलं. ताईनं एकदा फळीवरचा डबा काढून मागितला, तेव्हा डबा देता देता भाऊजी म्हणाले, तेव्हा कंटाळा केला नसतास तर? टोमणाही नव्हता तो. त्यांना आता खरंच तसं वाटतं.

परवा मी ताईचे केस विंचरत होते. तिचा तिला हात पोचत नाही, म्हणून मी अधूनमधून जाते.

"तेव्हा फार दुखायचं गं," ती म्हणाली. "थोरल्यांनी नको म्हटल्यावर मनातून मला बरंच वाटलं असेल. कंटाळाच असेल मला."

मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. म्हटलं, रडत रडत रेघा ओढत होतीस तू, खांद्याच्या वर नेल्या होत्यास, मी पाहिल्यात या डोळ्यांनी.

तिनं भिंतीकडे पाहिलं.

"कुठे आहेत?" ती म्हणाली.