दादाचं वजन नको, माझं पुरे

मित्रांनो, मला शेतात पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, "हे काय, इथे रस्ता करायचाय की काय?" हसा, हसा! मी माती दाबणारा रोलर आहे. जुना आहे, थोडा गंजलोही आहे, पण कामाला आजही खणखणीत.

एका वेल्डरकाकांनी मला घडवलं. जाड दांड्यावर त्यांनी लोखंडी कडी ओवली, प्रत्येक कडं आपापलं फिरेल अशी. वर वजनाचे दगड ठेवायला पेटी, मागे कड्यांवरची माती खरवडायला पट्ट्या. मी ट्रॅक्टरमागे पहिल्यांदा फिरलो, तेव्हा काका बांधावर उभे राहून एकटेच टाळ्या वाजवत होते.

पहिल्या मालकाकडे माझा थाट होता. मग तिथे नवं मोठं यंत्र आलं आणि माझी रवानगी गोठ्यामागे झाली. कोंबड्या माझ्या पेटीत अंडी घालू लागल्या. आता सांगा, मी काय अंडी उबवायची? जाम राग यायचा!

तिथून मला धाकटीनं आणलं. धाकटी आणि तिचा दादा, दोघं मिळून शेती बघतात. विहिरीजवळचा एक तुकडा तिनं हट्टानं गाजरासाठी मागून घेतला होता. दोनदा पेरलं, दोन्हीदा उगवलंच नाही. नांगरलेली माती इतकी पोकळ, की बारीक बी खोल फटीत जायचं आणि ओल त्याच्यापर्यंत पोचायचीच नाही. दादानं बजावलं होतं, "या खेपेला नाही उगवलं, तर तिथे गुरांसाठी गवत लावणार. मग रुसायचं नाही." धाकटीनं मान डोलावली, पण तिचा चेहरा उतरला.

पेरणीआधी माती दाबायचा दिवस उजाडला. दादा अंगानं दणकट, उत्साहानं त्याहून दणकट. त्यानं पेटी दगडांनी गच्च भरली आणि वर स्वतः बसला!

"वजन जितकं जास्त, तितकं काम पक्कं! चल, हाक ट्रॅक्टर."

"दादा, उतर. पडलास तर पाय कड्यांखाली जाईल."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

तो उतरेना, ती ट्रॅक्टर हलवेना. शेवटी कुरकुरत उतरला, दगड मात्र काढू दिले नाहीत. आदल्या दिवशीच्या पाण्यानं जमीन ओली होती. जरा पुढे गेलो नाही, तोच माझ्या कड्यांत चिखल भरला आणि मी फिरायचं सोडून फरफटत निघालो. मागे जमीन लिंपलेल्या भिंतीसारखी गुळगुळीत! यातून गाजराचा नाजूक कोंब डोकं वर कसं काढणार? गेला बिचारीचा तुकडा!

धाकटीनं ट्रॅक्टर थांबवला. मूठभर माती दाबून गोळा केला, बोटानं टोचला, पण तो फुटेना.

"आज नाही," ती म्हणाली. दादानं कपाळावर हात मारला.

तिनं माझं कडं न् कडं धुतलं. पट्ट्यांचे बोल्ट सैल करून त्या कड्यांच्या अगदी जवळ आणल्या आणि पुन्हा आवळल्या. मी थापलेला जमिनीचा पट्टा कुदळीनं मोकळा केला. जमिनीनं चांगलं ऊन खाल्लं आणि मातीचा गोळा टोचताच फुटायला लागला, तेव्हा तिनं निम्मे दगड काढून मला जुंपलं. थोडं चालवायचं, उतरायचं, टाचेनं दाबून बघायचं. टाच खोल रुतली, तर एक दगड वाढवायचा. नुसता ठसा उमटला, तर चला पुढे!

आणि मित्रांनो, काय फिरलो मी त्या दिवशी! ढेकळं फुटत होती, कडी खुळखुळत होती. दादासुद्धा बांधावरून ओरडला, "वा रे गड्या!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पेरणी झाली. धाकटी रोज सकाळी ओणवी होऊन बघायची. काहीच नाही.

मग एका सकाळी तिची आरोळी आली, "दादाऽऽ!" दादा चहा तसाच सोडून धावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या, केसासारख्या बारीक ओळी! तो गुडघ्यांवर बसून बघतच राहिला.

"मग गवत कधी लावतोस?" धाकटीनं मुद्दाम विचारलं.

"गवत गेलं चुलीत! तुकडा तुझा." मग मान खाजवत म्हणाला, "ए, उद्या रोलर देतेस? माझ्या कांद्यासाठी हवाय."

"देते. पण धुऊन, वंगण घालून परत आणायचा."

ऐकलंत ना, मित्रांनो? आमचं एवढंच मागणं आहे. काम संपलं की चिखल लगेच काढा, सांध्यांना वंगण द्या आणि वर छप्पर असू द्या. मग बघा, आम्ही कसे राबतो ते! चला, दादानं ट्रॅक्टर सुरू केलाय. निघतो मी, कांदा वाट बघतोय.