दोन नंबरचा व्हॉल्व्ह पास

“अर्धा इंच, ऐका माझं. पास म्हणजे पास. पहिलीतल्या पोरालाही कळतं.” चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर भांडारप्रमुख सरकत सरकत त्याच्या कानापर्यंत आला होता. “आत विचारलं की ‘हो’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे. कशाला आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेता?”

अर्ध्या इंचाने मान दुसरीकडे वळवली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पुरुष विभागातली आया बसली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. नाकावर माशी बसली तरी तिला ती हाकलता येत नव्हती. ती नुसती फुंकर मारायची.

अर्धा इंच हे त्याचं नाव रुग्णालयानेच पाडलं होतं, आणि ते असं चिकटलं होतं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचून तो स्वतःच दचकायचा. बॉयलरघरात तो फिटर होता. वाफेच्या कोणत्या पाईपवर कोणता व्हॉल्व्ह बसवायचा, दाब किती उतरवायचा, पाणी किती तापलं की वाफ आपोआप तुटायची, हे तोच ठरवायचा. आणि दर वेळी पाईपच्या मापाहून अर्धा इंच लहान व्हॉल्व्ह मागायचा. पाईप दोन इंची, तर व्हॉल्व्ह दीड.

“अहो, टोपी डोक्याच्या मापाची घेतात,” भांडारप्रमुख म्हणायचा.

“टोपी घ्या हो साहेब. पण घास तोंडाच्या मापाचा घेतला तर माणूस गुदमरतो. भूक किती ते बघायचं असतं.”

त्याच्या कसबाच्या गोष्टी रुग्णालयात औषधांपेक्षा जास्त खपायच्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून तो वाफेचं बोलणं ऐकायचा, हे खरं. त्याच पाईपमधून त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन परिचारिकांचं भांडण ऐकलं आणि खालूनच निवाडा दिला, हेही एक वेळ खरं धरू. पण तो निवाडा दोघींना पटला म्हणे, तिथे मात्र गोष्ट फसते. एका व्हॉल्व्हने तर त्याने दाब इतका नेमका बांधला होता की शेजारच्या गळक्या सांध्याखाली अंडं धरावं, ते बरोबर चौथ्या मिनिटाला उकडून निघायचं. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं की आचारी अंडं घेऊन खाली यायचा, वेळ बघायला! या सगळ्या थापा पहिल्यांदा सोडायचा तो अर्धा इंच स्वतःच. लोक नुसती त्यांना फोडणी द्यायचे.

गेल्या महिन्यापासून त्या गोष्टी कोणी सांगत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी पुरुष विभागाच्या गरम पाण्याच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह गेला. दीड इंची मागवायचा तर तीन आठवडे लागणार होते. दोन इंची भांडारात तयार पडून होता. वरच्या मजल्यावर म्हातारी माणसं गार पाण्याने कुडकुडत होती, परिचारिका येता-जाता टोमणे मारत होत्या. भांडारप्रमुख चार माणसांत म्हणाला, “यांच्या अर्ध्या इंचापायी सगळा दवाखाना गारठला!” सगळे हसले. त्या हसण्यात अर्ध्या इंचाने दोन इंचीवर सही करून टाकली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

गरजेपेक्षा मोठ्या व्हॉल्व्हचं दुखणं असं, की तो धड उघडतच नाही. चमचाभर औषध द्यायला बादली कलंडवावी तसं होतं. जरा उघडला की पाणी भसकन तापतं, म्हणून लगेच मिटतो; मिटला की गारठतं, म्हणून पुन्हा किलकिलतो. दिवसभर नाचतो. त्या केसाएवढ्या फटीतून वाफ सुरीसारखी जाते आणि मिटण्याची जागाच कापून काढते. मग तो मिटला तरी मिटत नाही. आतून वाफ जातच राहते. बॉयलरघरात याला म्हणतात, व्हॉल्व्ह पास होतो.

एका सोमवारी कानाला लावलेल्या स्क्रूड्रायव्हरने त्याला ते सांगितलं. बारीक, न थांबणारा आवाज. कोणी दातांतून श्वास घ्यावा तसा. तिथल्या तिथे हाताचं चाक फिरवून वाफ तोडायला दोन मिनिटं पुरली असती. पण मग वर जाऊन सांगावं लागलं असतं, की व्हॉल्व्ह चुकीचा निवडला आणि निवडणारा मीच. त्याने नोंदवहीत लिहिलं, ‘दोन नंबरचा व्हॉल्व्ह पास.’ वही रोज वर कचेरीत जायची. वाचतील, बोलावतील, विचारतील, विचारल्यावर सांगू.

कचेरीने वाचलं. पास, म्हणजे उत्तीर्ण. शेजारी लाल बरोबरची खूण केली आणि वही परत पाठवली. ती खूण बघून त्याला काय वाटावं? सुटल्यासारखं वाटलं.

“या तिघेही,” आतून हाक आली.

चौकशीच्या बाई वयस्क होत्या, आवाज मवाळ. त्यांनी आधी आयेला विचारलं.

“टब भरला, बाई. कोपर बुडवून बघितलं, कोमट होतं,” आया म्हणाली. “आजोबांना बसवलं. म्हणाले, ताई, हुडहुडी भरलीय, जरा गरम सोड गं. मी नळ सोडला.”

“तेव्हा पुन्हा कोपर लावलंत?”

“नाही. आत्ताच तर लावलं होतं.” ती थांबली. “नळातून एकदम उकळतं आलं. त्यांना उठता येत नव्हतं. मी काखेत हात घालून ओढलं, पण जड होते ते.”

आजोबा तिसऱ्या दिवशी गेले होते.

बाईंनी नोंदवही उघडली. “यंत्रणा तपासून पास केल्याची नोंद आहे, अपघाताच्या सहा दिवस आधीची. म्हणजे पाणी न तपासता सोडलं, एवढाच प्रश्न उरतो. ही नोंद तुमचीच ना?”

“हो,” अर्धा इंच म्हणाला.

भांडारप्रमुखाने कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय लांब केले. त्या ‘हो’वर गोष्ट संपली असती. आया पट्ट्यांकडे बघत होती. नोकरी जाणार हे तिला कळलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, आपलं चुकलं हे तिला पटत चाललं होतं.

“बाई, तो पास तुमचा नाही. आमचा आहे,” अर्धा इंच म्हणाला.

“म्हणजे?”

“आमच्यात पास म्हणजे नापास. मिटूनही आतून वाफ सोडतो, त्याला आम्ही पास म्हणतो. रात्रभर टाकी उकळत होती. लांबच्या पाईपात साठलेलं कोमट पाणी आधी येतं, उकळतं मागून. हिने कोपर लावलं ते पहिल्या पाण्याला. हिच्या जागी मी असतो तरी हेच झालं असतं.”

भांडारप्रमुख उठला. “बाई, हे थापाडे आहेत. अख्खं रुग्णालय सांगेल. अंडी उकडतात वाफेवर!”

कोणी हसलं नाही. बाईंनीही चष्मा काढून अर्ध्या इंचाकडे निरखून पाहिलं. तीस वर्षं थापा मारलेल्या माणसाने एक खरं बोलावं आणि ते खपू नये, अशी पाळी शत्रूवरही येऊ नये.

“व्हॉल्व्ह खोला,” तो म्हणाला. “आतल्या बैठकीवर चीर दिसेल, दोऱ्याने कापल्यासारखी. नाही दिसली तर मला थापाड्या म्हणा. आणि तो दोन इंची निवडल्याच्या कागदावर सही माझी आहे.”

व्हॉल्व्ह दुपारी खोलला. चीर होती. बाईंनी बोट लावून बघितलं आणि बोट पुसलं. आयेवरचा ठपका निघाला. अर्ध्या इंचाला त्याच क्षणी किल्ल्या ठेवायला सांगितलं. पुढचं पुढे कळणार होतं.

फाटकापाशी आया उभी होती. आता ती काहीतरी बरं बोलेल असं त्याला वाटलं. निदान ‘दादा’ तरी म्हणेल.

“सहा दिवस, दादा?” ती म्हणाली.

बावळटासारखं तो म्हणाला, “लिहिलं होतं मी.”

“मला वाचता येत नाही,” ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने नेहमीसारखी बादली काढून ठेवली. बराच वेळ न्हाणीघरातून तांब्याचा आवाज आला नाही.

“अहो, काय झालं? पाणी गार होतंय ना!”

ती दार लोटून आत डोकावली. तो पाटावर बसला होता, अंगात सदरा तसाच. बाही वर सारून त्याने कोपर बादलीत बुडवलेलं होतं. पाण्यावरची वाफ केव्हाच गेली होती.

“जरा थांब,” तो म्हणाला. “अजून बघतोय.”