मला लोकर म्हणू नका

मी एक जुनी विणलेली टोपी आहे. मित्रांनो, बाकीचं ऐकायच्या आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा: मला लोकरीची म्हणू नका. मी सुताची आहे! आपल्याकडे सुयांवर विणायचं म्हटलं की हाती येईल त्या धाग्याला लोकरच म्हणतात. या एका शब्दापायी जनकाबाईंना फार सोसावं लागलं, म्हणून माझा एवढा राग.

जनकाबाई बीबी गावच्या. कॅन्सरच्या उपचारांत त्यांचे सगळे केस गेले. डोकं इतकं हळवं झालं की पदरही सोसवेना. त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. बाबासाहेबांची जयंती जवळ आली होती. दरवर्षी पांढरं पातळ नेसून मिरवणुकीत पुढे चालणारी ही बाई त्या वर्षी म्हणाली, "मी नाही येत. लोक माह्या डोक्याकडेच पाहतीन."

त्यांची सून समता हिला हे बघवेना. तिनं मेहकरच्या एका दुकानात सांगितलं, "पांढरी सुती लोकर द्या." दुकानदारानं 'लोकर' तेवढं ऐकलं आणि मऊ दिसणारा एक गुंडा दिला. समतानं हौसेनं टोपी विणली. एप्रिलच्या उकाड्यात ती घातली आणि जनकाबाईंच्या डोक्यावर पुरळ उठलं.

"काढ वं समता हे! आग होऊन राह्यली," म्हणून त्या रडल्या. समताही रडली.

मग तिनं उरलेल्या धाग्याचं टोक चुलीत धरलं. (हे तुम्ही करू नका बरं, मोठ्यांना करू द्या.) ते वितळलं आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. सूत कागदासारखं जळतं, त्याची मऊ राख होते. "अगं बाई, हे तर प्लास्टिक!" तिनं कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या खेपेला ती बुलढाण्याला गेली आणि लोकर हा शब्द तोंडातून काढलाच नाही. "सूत दाखवा," म्हणाली. माझा गुंडा तिनं आधी स्वतःच्या कानामागे घासून पाहिला. साध्या सुतात दोन-चार पदर एकत्र पिळलेले असतात. ते टिकतं, पण जाड घेतलं की जड होतं. माझे बारीक धागे मात्र यंत्रावर विणून त्यांची पोकळ साखळी केली होती, पायजम्याच्या नाडीसारखी, पण कितीतरी बारीक. आत हवा, म्हणून मी हलकी. सूत एकदा सैल झालं की लोकरीसारखं परत आवळत नाही, म्हणून समतानं मला मापापेक्षा जरा लहानच विणलं.

"पुन्हा लोकर आणली काय वं?" जनकाबाई घाबरल्या.

"नाही आई, सूत आहे. हात तर लावून पाहा."

त्यांनी मला गालाला लावलं. मग म्हणाल्या, "पेटीतून माहं पातळ काढ."

मिरवणुकीत त्या पहिल्या रांगेत चालल्या. त्यांचा सगळा घाम मी पिऊन घेतला. तेवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढच्या जयंतीला जनकाबाई नव्हत्या. मी त्यांच्या पातळाच्या घडीत पेटीत पडून राहिले. समता मला विसरून गेली असं मला वाटायचं. खरं तर तिला ती पेटी उघडवत नव्हती.

यंदा शेजारच्या रुक्मिणीबाईंचेही केस उपचारांत गेले, तेव्हा समतानं ती उघडली. मला हलक्या हातानं धुतलं आणि टॉवेलवर सपाट पसरून वाळवलं. मित्रांनो, ओलं सूत जड असतं. दोरीवर टांगलंत तर आम्ही लोंबून वाया जातो. आणि कुणासाठी काही विणाल, तर आधी स्वतःच्या कानामागे घासून पाहा. ज्याला घालायचं, त्याची कातडी तुमच्यापेक्षा हळवी असेल.

"लोकरीची आहे काय वं?" रुक्मिणीबाई मागे सरकल्या. "मले टोचते."

"नाही मावशी, सूत आहे," समता म्हणाली. "आमच्या आईनं जयंतीले घातली होती."

रुक्मिणीबाईंनी मला गालाला लावलं आणि मान पुढे केली.