बोलू न दिलेले वीर

या, जरा जवळ सरका. मागचे, तुम्हीही या. गोष्ट छोटी आहे, लांबून ऐकली तर हातातून निसटेल. व्हिडिओ गेमची आहे म्हणून नाक मुरडू नका. देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा नेम नसतो.

जपानमध्ये एक गेम निघाला. दोन वेगळ्या जुन्या गेममधले वीर त्यात एकत्र येतात. एकातला म्हातारा तलवारबाज, हरवलेल्या लेकीला शोधणारा. दुसऱ्यातली तोंडाळ जादूगारीण. दिवसभर लढायचं आणि मुक्कामाला शेकोटीभोवती बसून बोलायचं. गेमचा सगळा जीव त्या बोलण्यात. ते बोलणं आपल्या भाषेत आणलं एका ताईनं. म्हाताऱ्याचं वाक्य ती आधी मोठ्यानं म्हणून बघायची, जीभ अडखळली की खोडून पुन्हा लिहायची. कंपनीची सक्त ताकीद होती, गेम बाजारात येईपर्यंत घरीसुद्धा बोलायचं नाही. ती बोलली नाही.

पहिल्या भागाच्या शेवटी म्हातारा एका दारावर थाप मारतो आणि विचारतो, "आत कोण आहे?" उत्तर दुसऱ्या भागात. आणि दुसरा भाग आपल्या भाषेत यायचा की नाही, हे ठरायचं होतं परीक्षणांवर.

ताईचा थोरला भाऊ गेमची परीक्षणं लिहायचा. त्याच्या शब्दाला वजन होतं. त्यानं दहापैकी चार गुण दिले आणि लिहिलं, "दोन जगांतले वीर भेटतात, पण एकमेकांशी धड बोलतच नाहीत. कथा तुटक." बाकीच्या परीक्षकांनी तीच री ओढली.

ताई तडक भावाच्या घरी गेली.

"दादा, बोलत नाहीत म्हणजे? सबंध गेमभर दुसरं करतात काय ती?"

"तुला गं काय कळतं त्यातलं? बस, दाखवतो." त्यानं गेम लावला. शेकोटी पेटली, म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, आणि पुढच्या क्षणी सगळे पुन्हा लढायला उभे.

"मधलं कुठे गेलं?"

"हे होय? बटण दाबून धरलं की बोलणं पुढे पळतं. सगळेच परीक्षक तसं करतात. एवढा लांबलचक गेम, परीक्षण लिहायचं कधी मग?"

कोपऱ्यात घड्या घालत बसलेली आई म्हणाली, "मी कालपासून विचारणार होते. ते बिचारं म्हातारं सारखं तोंड उघडतंय, आणि हा मेला त्याला बोलू देत नाही."

ताईनं कपाळावर हात मारला. "दादा, ती वाक्यं माझी आहेत रे. सगळी. मी लिहिलीत."

दादाचा अंगठा बटणावरून उचलला गेला. तो म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायची मनाई होती."

"मग आता तर संपलंच. आता गुण वाढवले तर लोक म्हणतील, बहिणीसाठी शेपूट घातली."

"आणि नाही वाढवलेस तर?"

"तर मी खोटा."

"मग खोटा राहून सुखानं झोप!" ताई ओरडली. आईनं हातातली चादर तशीच ठेवली. दादानं गुण बदलले नाहीत.

कंपनीचा निरोप आला: गुण फारच कमी, दुसरा भाग आपल्या भाषेत येणार नाही. ताईनं तो वाचला, फोन पालथा ठेवला, आणि दिवसभर घरात भांडी आपटत राहिली.

पुढच्या रविवारी दादाबरोबर ताईकडे आलेल्या आईनं विचारलं, "अगं, त्या म्हाताऱ्याला लेक भेटली का शेवटी?"

ताईनं दुसरा भाग मुळातून वाचलेला होता. "ऐक," ती म्हणाली आणि आईजवळ बसून सांगू लागली. म्हाताऱ्याचा आवाज, जादूगारणीचे टोमणे, दारामागून आलेलं उत्तर, सगळं तोंडी. आई मध्येच हसली, मध्येच डोळे पुसले. दारात दादा उभा होता, हात खिशात घालून. आत यायची त्याची हिंमत झाली नाही, आणि ताईनंही त्याला बोलावलं नाही.

तर बाबांनो, कधी पडद्यावर कुणी तोंड उघडलं आणि तुमचा अंगठा बटणाकडे गेला, तर क्षणभर थांबा. ते वाक्य कुणीतरी मोठ्यानं म्हणून पाहिलेलं असतं. त्या वेळी या ताईची आठवण ठेवा.