निळं टोपण

मी नर्स आहे असं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुमचं माझ्याबद्दल काय मत होईल कोण जाणे. माझं स्वतःचंच अजून झालेलं नाही. आहे असं सांगितलं नाही आणि नाही असंही सांगितलं नाही. या दोन्हींच्या मधे जी फट असते तिच्यात मी सोळा वर्षं सुखाने राहिले.

या दवाखान्यात मी आले ती फोन घ्यायला. आतलं काम बघायला एक खरी सिस्टर होती. ती दीड महिन्यात नोकरी सोडून गेली आणि तिचा पांढरा कोट खुंटीवर राहिला. खिशाला बिल्ला, त्यावर फक्त ‘सिस्टर’. डॉक्टर म्हणाले, “नवी मिळेपर्यंत घाला हो तुम्ही. साध्या कपड्यातल्या बाईला बघून पेशंट बिचकतात.” मी घातला. खांद्यात सैल होता, आता घट्ट होतो. आधी प्रेशर बघायला शिकले, मग पट्ट्या बांधायला, मग संत्र्यावर सुई टोचून टोचून इंजेक्शन द्यायला. नवी सिस्टर काही मिळाली नाही. खरं म्हणजे कुणी शोधलीच नाही.

औषधांची नावं लांबलचक, आणि एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. डॉक्टरांनी त्यावर सोपा उपाय काढला होता. बाटलीच्या टोपणाचा रंग बघायचा. “निळी द्या.” “लाल द्या.” “पिवळी अर्धी.” निळी म्हणजे ताकदीची, लाल दुखण्याची, पिवळी उलटीची. कपाटात रंगवार तीन खण होते. सोळा वर्षांत माझी एकही चूक झाली नव्हती. कोपऱ्यावरचे शिंपीकाका तर म्हणायचे, “सिस्टर, सुईतलं मला कळतं. तुमचा हात लागला की टोचल्याचं समजतसुद्धा नाही.” असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. का चढू नये?

घोळ झाला तो लेकीमुळे. तिने नर्सिंगला नाव घातलं ते माझ्याकडे बघून. अर्जात आईच्या धंद्यापुढे तिने टपोऱ्या अक्षरात ‘परिचारिका’ लिहिलं होतं. मी ते वाचलं, घडी घातली आणि पाकीट चिकटवलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ती इतकी खूश होती!

पहिलं वर्ष संपता संपता कॉलेजने त्यांना सुट्टीतलं काम दिलं. जुन्याजाणत्या नर्सबरोबर आठ दिवस राहायचं, काम बघायचं आणि शेवटी कागदावर तिची सही नि नोंदणी क्रमांक घ्यायचा. आता जुनीजाणती नर्स घरातच असताना पोरगी बाहेर कशाला शोधेल?

“आई, नंबर सांग ना तुझा.”

“जुना आहे गं. बघून सांगते.”

“बघायचा काय त्यात? आमच्या मॅडमना झोपेत विचारला तरी येतो.”

मी डॉक्टरांना हळूच सांगितलं. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, “द्या काहीतरी आकडे ठोकून. कोण बघतंय?” मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. एकाच माणसाला दोन्ही कसं होतं? रात्रभर मी आकडे जुळवत होते आणि जुळवलेले विसरत होते. लेकीला कळलं तर ती माझ्याकडे पुन्हा तशी बघणार नाही, एवढीच एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. बाकी सगळा काला.

लेक माझ्याबरोबर दवाखान्यात यायला लागली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाका आले. दर महिन्याची ताकदीची सुई. डॉक्टरांनी आतून आवाज दिला, “सिस्टर, काकांना निळी!” मी वहीत बघणाऱ्या लेकीला म्हटलं, “बघ हं नीट.” मला दाखवायचंच होतं तिला, खोटं कशाला बोलू? आदल्या संध्याकाळी औषधांचं नवं खोकं आलं होतं. मीच ते रंगवार लावलं होतं. निळी उचलली, सुई भरली, काकांनी बाही वर केली, मी बोळा फिरवला.

“आई, वाचलीस?”

“काय?”

“बाटली. भरायच्या आधी मोठ्याने वाचायची ना? दुसरीने ऐकायची.” तिने बाटली उचलली आणि वर्गात वाचावी तशी वाचली. मला नुसता आवाज ऐकू येत होता. मग ती थांबली. काकांचा केसपेपर तिने पुढ्यात ओढला. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, दुखण्याचं औषध यांना चालत नाही. मागे एकदा गोळी घेतली तर तोंड सुजून डोळे मिटले होते. तो केसपेपर मीच लावून ठेवते.

“आई, ही ताकदीची नाहीये. दुखण्याची आहे.”

“पण निळी आहे,” मी म्हणाले.

“निळी म्हणजे?”

खोकं वेगळ्या कंपनीचं होतं. त्यांच्याकडे दुखण्याच्या बाटलीला निळं टोपण होतं. एवढंच. माझा हात काकांच्या दंडापासून चार बोटांवर होता. तो मागे घ्यायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

लेक माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे. गणित चुकलंय पण कुठे ते सापडत नाही, तशी. मग हळूच म्हणाली, “आई, तुझा नंबर काय?”

“नाहीये,” मी म्हणाले. “मी नर्स नाही.”

शिंपीकाका खो खो हसले. “सिस्टर, सकाळी सकाळी चेष्टा! टोचा लवकर, दुकान उघडायचंय.”

“खरंच नाही काका. मी फोन घ्यायला आले होते.”

ते आणखी हसले आणि बाही आणखी वर सरकवली. मी सुई टाकून दिली आणि लेकीला म्हटलं, तू दे. ती म्हणाली, “मी पहिल्या वर्षाला आहे. मला परवानगी नाही.” म्हणजे जिला येतं तिला परवानगी नाही आणि जिला परवानगी नाही ती सोळा वर्षं देतेय.

डॉक्टर बाहेर आले. लेकीने त्यांनाही बाटली वाचून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. कपाट धुंडाळून त्यांनी योग्य बाटली काढली आणि सुई भरली, पण कित्येक वर्षांत त्यांनी सुई धरली नव्हती. त्यांनी सुईवरची पकड दोनदा बदलली. ते बघून काकांनी दंड मागे घेतला. “छे छे! सिस्टरनाच द्या. तुमचा हात जड आहे.”

“घ्या, द्या तुम्हीच,” डॉक्टरांनी सुई माझ्यापुढे धरली. “आता बाटली बरोबर आहे.”

बाटली बरोबर होती. काका दंड पुढे करून बसले होते. माझा हात चांगला होता, हे तर खोटं नव्हतं. लेकीचा कागद टेबलावर पडला होता, सहीची जागा कोरी.

बाहेर फोन वाजायला लागला. सोळा वर्षांत तो कुणी ना कुणी उचलायचं, मी आत असायचे. मी कोट काढून खुंटीला लावला आणि बाहेर गेले.

“हॅलो, सिस्टर आहेत का?” पलीकडून एका बाईने विचारलं. “ताकदीचं इंजेक्शन घ्यायचं होतं.”

उघड्या दारातून लेक माझ्याकडे बघत होती.

“नाहीत,” मी म्हणाले. “इथे सिस्टर नाहीत.”