सोळा नंबरचा चमचा

चमच्याच्या दांड्यावर १६ हा आकडा कोरलेला आहे. म्हणजे एका क्वार्ट, साधारण साडेनऊशे मिलिलीटर, मिश्रणाचे सोळा गोळे. हिशेबाने एका गोळ्याचे एकोणसाठ मिलिलीटर व्हायला हवेत. मी पाण्याने तीनदा मोजलं, तिन्ही वेळा अठ्ठावन्न भरले. वाटीच्या कडेला एक पोचा आहे, तेवढी जागा कमी झाली असावी.

तो पोचा मिसेस हॉफरनी पाडला. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्या सत्तावीस वर्षं होत्या. पिझ्झा बर्गरच्या दिवशी सगळ्यांचं वाढून झालं आणि ट्रेमध्ये काही उरलं, तर त्या हा चमचा ट्रेच्या काठावर दोनदा आपटायच्या. मग ज्याला आणखी हवं त्याने रांगेत यायचं. अट एकच, दूध संपलेलं पाहिजे. पोरं दुधाचा रिकामा डबा डोक्यावर उलटा धरून उभी राहायची. एखाद्याच्या केसांतून दूध ओघळलं की मिसेस हॉफर म्हणायच्या, "खोटारड्या, जा जागेवर."

पुढे शाळा बंद पडली आणि सामानाचा लिलाव झाला. मी हा चमचा आणि भाजायचा एक ट्रे घेतला. धाकटा भाऊ व्हर्लिन तेव्हा हसला होता. "अगं, एवढ्या शाळेतून तुला चमचाच सापडला?"

गेली चार वर्षं व्हर्लिन डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे पाचला मी गाडी काढते. केंद्र चाळीस मैलांवर आहे. दुसऱ्या हार्ट अटॅकनंतर मूत्रपिंड बदलायच्या यादीतून त्याचं नाव काढलं. मी राज्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं पाणी तपासलं, त्यामुळे आकडे सांभाळणं मला जमतं. त्याचं पोटॅशियम, फॉस्फरस, दिवसभरात प्यायलेलं पाणी, सगळं एका वहीत आहे. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाटे मी दोनदा उकळून दोन्ही पाणी फेकते.

नोव्हेंबरात तो म्हणाला, "आर्लिस, मला थांबायचंय."

मी म्हटलं, थँक्सगिव्हिंग होऊ दे. मग म्हटलं, नाताळ होऊ दे. मग, बर्फ वितळू दे. डॉक्टर म्हणाले होते, निर्णय त्याचा आहे. पण व्हर्लिन मला म्हणाला होता, "तू हो म्हटल्याशिवाय मी थांबणार नाही. तुला चोरून मरायचं नाही मला." आणि मी हो म्हणत नव्हते. मार्च उजाडला, शेताच्या कडेचं बर्फही गेलं. पुढची सबब माझ्याकडे नव्हती.

शनिवारी परतताना तो म्हणाला, "मला मिसेस हॉफरचे पिझ्झा बर्गर खायचेत."

टोमॅटो, चीज, डब्यातलं खारवलेलं मांस. फ्रिजवर लावलेल्या मनाईच्या यादीतलं जवळजवळ सगळंच त्यात आलं. म्हणून रविवारी मी माझ्या पद्धतीने केले. टोमॅटोऐवजी भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचा सॉस, बिनमिठाचा खिमा, चीज नखाएवढं.

एक घास घेऊन त्याने बर्गर खाली ठेवला. "शास्त्रज्ञबाई, हे काय आहे?"

"पिझ्झा बर्गर."

"मिसेस हॉफरनी तुला रांगेच्या शेवटी उभं केलं असतं. आणि मला तुझ्या पुढे घेतलं असतं."

तो हसला. मग त्याने पाय समोरच्या खुर्चीवर टाकले. त्याचे घोटे इतके सुजले होते की मोज्याची किनार मांसात रुतली होती.

सोमवारी सकाळी मी खरे केले. सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस. शनिवारपासून रक्तातलं काहीच गाळलं गेलेलं नसतं. हे मला माहीत होतं आणि तरी मी टोमॅटोचा डबा फोडला. बीफचा खिमा परतला, डब्यातलं मांस बारीक करून घातलं, सॉस, ओव्याच्या वासाची ती ओरेगानो, किसलेलं पिवळं चीज. बनचे दोन भाग करून प्रत्येकावर एकेक चमचा मिश्रण पसरलं. सहा अर्धे बन. कडा तपकिरी होईपर्यंत भाजले. सोबत डब्यातला मका आणि त्याने मुद्दाम मागवलेला दुधाचा छोटा कागदी डबा.

वही टेबलावर होती. मी पेन उघडलं नाही.

मी त्याला एक अर्धा बन वाढला. त्याने सगळं खाल्लं. बोटांना लागलेलं चीजसुद्धा. दूध संपवलं आणि डबा डोक्यावर उलटा धरला. कपाळावर एक थेंब पडला.

"खोटारड्या," मी म्हटलं.

"एक थेंब चालायचा. नियम पाठ आहेत मला." डबा तसाच धरून तो थांबला. "आर्लिस, उरलेत ना?"

"पाच उरलेत."

"मग वाजव ना."

मी चमचा उचलला. तो मागतोय ते नुसतं जेवण नाही, हे मला कळत होतं. त्यालाही कळत होतं की मला कळतंय. मी ट्रेच्या काठावर चमचा दोनदा आपटला. आवाज अगदी तसाच आला.

तो उठून भिंतीला धरत ट्रेपाशी आला. मी त्याच्या ताटात दुसरा अर्धा बन ठेवला. जागेवर जाऊन त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"नाही जात गं," तो म्हणाला. "तेव्हा वाटायचं, अख्खा ट्रे संपवीन."

"राहू दे."

"वाईट झालेत म्हणून नाही. अगदी तसेच झालेत."

"माहितेय मला."

सहाव्या वर्षी तो रांगेत माझ्या मागे उभा राहायचा, माझ्या स्वेटरचं टोक धरून. मोठी पोरं पुढे घुसायची आणि त्याच्यापर्यंत कधीच काही उरायचं नाही. मी एकदाही माझ्यातला अर्धा त्याला दिला नव्हता. हे त्याला आठवत असेल का, ते मी विचारलं नाही.

मी हात धुतले, पुसले आणि भिंतीवरचा फोन घेतला. व्हर्लिन माझ्याकडे बघत होता. केंद्रातल्या जॉनेल नर्सने दुसऱ्याच घंटीला उचलला.

"आर्लिस बोलतेय, व्हर्लिनची बहीण."

"बोला ना, उद्या गाडीचं काही अडलंय का?"

"नाही. गाडी ठीक आहे." माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा स्पष्ट निघाला. "त्याची साडेसहाची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. व्हर्लिन आता डायलिसिसला येणार नाही."