तिसऱ्या ओळीतली जागा

मित्रांनो, ती अखेर बिनचूक वाजवू लागली आणि त्याच दुपारी तिचे वडील घर सोडून गेले. त्यांना वारून तेव्हा सहा वर्षे झाली होती. असो. असे काही घडलेच नाही असे समजा, मी सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना पियानो आहे. माझा जन्म झाला त्या कारखान्यात अर्ध्या भागात पियानो आणि अर्ध्या भागात शवपेट्या बनत. लाकूड एकच, पॉलिश एकच, सुतारही एकच. झाकण बसवल्यावर तो दोन्हींना सारख्याच मायेने थोपटायचा. त्यामुळे माझा स्वभाव जरा गंभीर आहे.

मला घेतले घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांना एकच चाल येत होती. दुकानातून आले की ती रोज एकदा वाजवत. तिसऱ्या ओळीत चष्मा नाकावरून घसरायचा. मग डावा हात उचलायचा, बोटाने चष्मा वर ढकलायचा, "हं" म्हणायचे आणि पुढे जायचे. अख्ख्या गावाच्या घड्याळांचे स्क्रू त्यांनी आवळले, चष्म्याचा तेवढा राहिला. शेजारी माझे कौतुक करत, कारण चाल छोटी होती.

त्यांच्या मुलीला मला हात लावायची मनाई होती. ती दारात उभी राहून बघायची. मग ते गेले. चष्मा माझ्या डोक्यावर राहिला आणि दोन वर्षे मी नुसता टेबल झालो. माझ्यावर लोकर ठेवली गेली, औषधे ठेवली गेली, एकदा ओला टॉवेल. टॉवेलचे मी अजून विसरलेलो नाही.

एके दिवशी मुलीने झाकण उघडले. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावे पुकारायची. लोकांना ताटकळत ठेवायची तिला सवय होती, स्वतः ताटकळायची नव्हती. म्हणून शिक्षक न शोधता ती आठवून आठवून शिकली. चाल हुबेहूब आली. तिसऱ्या ओळीत डावा हात उचलायचा, नाकाला लावायचा, मग पुढे. तिला चष्मा नव्हता. तिला वाटे, चालच तशी आहे.

आता खरे सांगतो, मित्रांनो. त्या जागेत "हं" ऐकू यायचे. ते तिच्या तोंडचे नव्हते, मी तिच्या समोरच असतो. स्टूल एका माणसाच्या वजनाने कुरकुरते त्याहून थोडे जास्त कुरकुरायचे. पलीकडच्या खोलीत आईची इस्त्री तेवढ्यापुरती थांबायची. कुणी कुणाला काही विचारत नसे.

चार वर्षांनी मुलगी अडली. नवे काही जमेना. मग शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या, बसायला स्वतःची उशी घेऊन. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आपलं आपण शिकलेली माणसं येतं तेवढंच दाखवतात. मला चुका दाखवा. बाकीचं तुम्हाला येतंच आहे."

मुलीने मान डोलावली आणि दोन महिने ती चाल सोडून सगळे वाजवले. बाई त्या "हं"च्या जागी काही दुरुस्त करतील, आणि दुरुस्त केलेल्या जागेत माणूस राहत नाही, अशी तिला धास्ती होती.

पण बाईंची नजर पट्ट्यांवर गेली. मधल्या साऱ्या झिजलेल्या, त्यांतल्या डावीकडच्या दोन मात्र कोऱ्या. "या दोघींनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मग चाल वाजवावीच लागली. हात नाकाकडे गेला. नाक खाजतंय का, असे बाईंनी विचारले. नाही, चाल अशीच आहे, असे तिने सांगितले.

आतून आईचा आवाज आला. "अगं, ते चष्मा वर करायचे."

चाल बाईंच्या ओळखीची होती; त्यांनी तिसरी ओळ कागदावर लिहून दिली. त्या जागेत दोन सूर होते, कोऱ्या पट्ट्यांचे. "वडिलांनी हे कधी वाजवलेच नाहीत. एकदा वाजवून बघा. मग सोडायचे तर सोडा, पण माहीत असून सोडा."

तिने बराच वेळ हात मांडीवर ठेवला. मग वाजवले. सूर सुंदर होते, हे मला कबूल करावे लागेल. सुतारानंतर मीही ते पहिल्यांदाच ऐकले. स्टूल कुरकुरले नाही.

आई दारात आली, हातात गरम इस्त्री तशीच. "आज ते आले नाहीत?"

बाई उशी काखेत मारून उठल्या आणि पुन्हा बसल्या. मुलीने चाल परत धरली, तिसऱ्या ओळीत हात उचलला, नाकाला लावला आणि थांबली. फार वेळ थांबली. जागा तेवढीच होती, तशीच होती. आत कुणी नव्हते.

आता तिला अकरा चाली येतात. शेजारी कौतुक करतात, या वेळी कारण आहे. शेवटी ती वडिलांची चाल वाजवते, एकदा त्या दोन सुरांसह आणि एकदा सोडून. इस्त्री दोन्ही वेळा थांबते.

तेव्हा मित्रांनो, शिकवणाऱ्यांपासून चुका लपवू नका. फक्त त्या कुणाच्या आहेत, ते आधी घरात विचारून घ्या. आणि पियानोवर ओला टॉवेल ठेवू नका.

सबब, संबंधितांस विनंती की, तिसऱ्या ओळीतील दोन मात्रांची जागा सदर मयत गृहस्थांच्या नावे कायम राखीव ठेवावी आणि त्यांना रोज एकदा, इस्त्रीच्या वेळेत, येण्या-जाण्याची परवानगी मिळावी. चष्मा माझ्या डोक्यावर सुरक्षित आहे. स्क्रू अद्याप आवळलेला नाही. कळावे.